क्लीनर साइडचा चौथा पाटा

वाडीत हातोड्याचा आवाज काही नवा नाही. अमरावती रोडला लागून गोदामं, गोदामांना लागून ट्रक आणि ट्रकांना लागून मिस्त्री, अशी ती वस्ती. तरीही त्या शुक्रवारी सकाळी संघपालच्या अंगणातून ठणठण सुरू झाली, तशी अर्धी गल्ली हातातली कामं टाकून फाटकाशी येऊन उभी राहिली. का, तर हातोडा बाईच्या हातात होता! चांगला पाच किलोचा. आणि बाई म्हणजे संघपालची बायको करिष्मा, जिला गल्लीनं आजवर फार तर नळावरून हंडा नेताना पाहिलं होतं.

करिष्मानं कुर्त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता, ओढणी कमरेला आवळली होती आणि ऐरणीवर आडव्या ठेवलेल्या पाट्यावर ती घाव घालत होती. पाट्याचं दुसरं टोक संघपालनं धरलं होतं. प्रत्येक घावाला त्याचे डोळे मिटत होते.

"डोळे काहून मिटून राहिले?" करिष्मा म्हणाली. "हात शाबूत आहे ना तुमचा?"

"अजूनपर्यंत आहे," संघपाल म्हणाला.

पाटे म्हणजे गाडीच्या चाकावर एकाखाली एक रचून बांधलेल्या पोलादी पट्ट्या. वरचा सगळ्यात लांब, खालचा सगळ्यात आखूड, आणि सगळे धनुष्यासारखे वाकलेले. गाडीतल्या मालाचा भार यांच्यावर. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यांचा बाक उतरतो, गाडी खाली बसते. मग पाटे सोडवायचे, थंड लोखंडच ठोकून ठोकून बाक परत चढवायचा, जोडीला एक नवा पाटा घालायचा आणि लांब बोल्टांनी आवळायचं. गाडी वर येते. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की मिस्त्री लोकांचीही भंबेरी उडते, कारण घाव कुठे आणि किती घालायचा, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.

करिष्माला ते येत होतं. तिचे वडील रुपराव मिस्त्री यांचं वाडीत तीस-बत्तीस वर्षं पाट्यांचं दुकान होतं. दुकानाची सुट्टी सोमवारी असायची. त्या दिवशी शटर अर्धं ओढून ते लेकीच्या हातात हातोडा द्यायचे, इतर दिवशी नाही. गिऱ्हाइकांसमोर पोरीनं घाव घातलेला त्यांना खपत नसे. तीन वर्षांपूर्वी ते गेले, भावांनी दुकान विकलं, आणि कोणाला काय हवं हे विचारायची वेळ आली तेव्हा करिष्मानं एकच वस्तू मागितली: ऐरण. भाऊ हसले होते. चार माणसांनी उचलून ती संघपालच्या अंगणात आणून टाकली, आणि सासूबाई सिंधूताईंनी तीन वर्षं तिच्यावर पापडाची परात ठेवली.

आता ती परात उतरली होती, त्याला कारण देवराव.

देवरावांचं वाडीत बिछायत केंद्र. मंडप, खुर्च्या, गाद्या, जेवणाचे टेबल, लग्नाला लागणारं सगळं भाड्यानं देणार. त्यांच्या पाच पिकअप गाड्या, आणि सहावी संघपालची स्वतःची, जी त्यांच्याकडेच लागलेली. यंदा बाजारगावाच्या पुढे नाल्यापलीकडे कोणीतरी नवं लॉन काढलं आणि अख्ख्या लग्नसराईचं काम देवरावांना दिलं. काम झकास, रस्ता भिकार. नाल्यावर पुलाऐवजी जो बुटका सिमेंटचा रपटा होता, तो मधोमध उखडून त्याला उंट बसल्यासारखा उंचवटा आला होता. मंडपाचे लोखंडी पाइप लादलेली पिकअप तिथे पोचली की पोट घासलंच म्हणून समजा. आठवडाभरात दोन सायलेन्सर तुटले. एका लग्नात तर नवरदेव आधी पोचला आणि मंडप मागून आला.

देवराव संघपालकडे येऊन कपाळाला हात लावून बसले. "रुपराव मिस्त्री असता तर दोन दिवसात गाड्या वर करून देल्ल्या असत्या. आता बाकीच्या मिस्त्र्यायकडे महिन्याची लाइन आहे."

चहाचा कप पुढे करत करिष्मा म्हणाली, "मी करते, काकाजी."

"काय करतं तू?"

"गाडी वर. दोन इंच."

"लोक तीन-चार इंच सांगून राहिले."

"सांगू द्या. जास्त वर केली तर लदलेली गाडी वळणावर डोलते, अन् पासिंगच्या वेळी लोचा होते तो वेगळा. तुमच्या रपट्याले दोन इंच बस झाले. मी पाहून आली तो."

ती खरोखरच पाहून आली होती. नवऱ्याबरोबर गाडीत बसून गेली होती, खाली उतरून त्या उंचवट्यावर वीत ठेवून मोजून आली होती. देवरावांनी संघपालकडे पाहिलं, संघपालनं चहात पाहिलं.

"बरं," देवराव शेवटी म्हणाले. "पहिले तुमची सोताची गाडी कर. रविवारी त्याच्यात माझे पाइप भरू, पूर्ण लोड. रपट्यावरून पोट न घासता पार झाली, तर माझ्या पाचही गाड्या तुझ्या अंगणात. दुकान समज तुझं सुरू झालं. अन् नाही झाली तर पोरी, हा विषय बंद. ती ऐरण मले देऊन टाकजो. मंडपाच्या खुंट्या सरळ कराले कामी येईन."

"चालते," करिष्मा म्हणाली. एवढं लवकर म्हणाली, की संघपालला ठसकाच लागला.

तर अशी ती पैज. शुक्रवारी दुपारपर्यंत पुढचे पाटे बसवून झाले. मग गाडीचं मागचं अंग जॅकवर उचलून जाड ठोकळ्यांवर टेकवलं आणि मागचे पाटे काढले. मागच्या पाट्यांचीच खरी परीक्षा, कारण माल सगळा मागे. दोन्ही अंगांना पाच-पाच, म्हणजे दहा. संध्याकाळपर्यंत दहाही ठोकून झाले. हाताला फोड आले, खांदा बोलायला लागला, पण बाई खुशीत होती. वाडीत कोणी उजवा-डावा म्हणत नाही. ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साइड, दुसरी क्लीनर साइड. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी नेहमी क्लीनर साइडला जास्त बसते. म्हणून करिष्मानं त्या अंगाच्या पाट्यांना जरासा जास्त बाक दिला होता. एका पाट्यात तो डोळ्यालाही कळणार नाही, पाच मिळून मात्र गाडी सरळ उभी करतील. हे वडिलांचं शिक्षण. आणि वडिलांसारखंच तिनं प्रत्येक पाट्यावर खडूनं लिहिलं: ड्रा एक, ड्रा दोन, क्ली एक, क्ली दोन. दहाही पाटे नळाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि ती जेवून आडवी झाली.

शनिवारी माघ पौर्णिमा होती. सकाळी दोघं नवरा-बायको लांब यू-बोल्ट आणि दोन नवे पाटे आणायला गेले. परत आले तेव्हा दहा वाजले होते. फाटक उघडलं आणि करिष्मा जागीच थांबली.

अंगण धुऊन लख्ख. नळाजवळची भिंत मोकळी. आणि ओट्यावर दहाच्या दहा पाटे घासूनपुसून चकचकीत, मोठ्यावर लहान, मोठ्यावर लहान, अशी त्यांची सुंदर उतरंड रचलेली. शेजारी सिंधूताई पांढऱ्या शुभ्र लुगड्यात, हातात तारेची घासणी.

"सोड्यानं घासले," त्या कौतुकानं म्हणाल्या. "केवढा चिखल होता वं! अन् कोण्या पोट्ट्यायनं खडूच्या रेघा मारून ठेवल्या होत्या त्याच्यावर. सगळ्या काढल्या."

संघपालनं हळूच एक पाऊल मागे घेतलं, कारण बायकोचा राग त्याला नऊ वर्षांचा माहीत होता.

"आई!" ती ओरडली. "पाटे कोणी धुते का? ताटल्या आहेत का ह्या? तुम्हाले सांगितलं कोणी?"

"सांगाले काहून पाहिजे?" सिंधूताईही काही कमी नव्हत्या. "अकरा वाजता मंडळाच्या बायका येऊन राहिल्या वंदनेले. अंगणात पाय ठेवाले जागा नाही. मले वाटलं, सुनेनं एवढी मेहनत केली, तर त्यायले कसं चमकून दिसलं पाहिजे. सगळ्यायले सांगून ठेवलं मी, का माझी सून गाडी वर करून राहिली म्हणून. माहाच गुन्हा झाला बापा!"

आणि त्यांचे डोळे भरून आले.

करिष्माचा राग तिथेच अर्धा गळाला. माहेरी वडिलांनी तिला शटरआड ठेवलं होतं, आणि ही म्हातारी सगळ्या मंडळाला बोलावून तिचं काम दाखवायला निघाली होती! तिला गलबलून आलं. उरलेला अर्धा राग तिनं स्वतःवर काढला, आणि तोच खरा जागेवर होता. दुकानात खडू चालतो, कारण दुकानात कोणी पाटे धूत नाही. घरच्या अंगणात, पौर्णिमेच्या आदल्या रात्री, नळाजवळ खडूनं लिहून ठेवणारा मिस्त्री भैताडच म्हटला पाहिजे.

"रडू नका आई," ती म्हणाली. "चूक माही आहे. जा, तुम्ही मेणबत्त्या लावा. मी पाहते."

संघपालनं कुजबुजत विचारलं, "कोणताही कुठंही लावला तर काय होईन? पाटे ते पाटेच ना?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं ठोकळे तपासायला गेला.

घरात बुद्धवंदना सुरू झाली. आठ-दहा बायकांचा एकसुरी आवाज अंगणात येत राहिला आणि करिष्मा ओट्यावर मांडी घालून पाटे वाचत बसली. वाचत म्हणजे अगदी वाचतच. सगळ्यात मोठ्या जोडीत एकाच्या डोळ्याचं, म्हणजे टोकाला वळवलेल्या कडीचं, भोक एका अंगानं झिजलेलं; तो क्लीनर साइडचा, तिथंच जास्त भार. दुसऱ्या जोडीत एकाच्या कडेला जुना घासल्याचा चट्टा, तो सायलेन्सरकडचा. तिसऱ्या जोडीला तिनं दोन टोकांवर दोरी ताणली आणि मधलं अंतर बोटांनी मोजलं. फरक लागला. पाचव्या, सगळ्यात आखूड जोडीतला एक तिला नुसत्या हाताला आठवला, कारण त्याच्यावरच तिचा एक घाव चुकला होता आणि तिथे खळगा पडला होता. कोणाला खोटं वाटेल, पण आपण ठोकलेलं लोखंड आपल्याला ओळखू येतं.

राहिली चौथी जोडी. दोन्ही सारखे. दोरी सारखी, वजन सारखं, झीज सारखी. तिनं हातोडीच्या टोकानं टिचकी मारून आवाज ऐकला, पालथे केले, उन्हात धरले, डोळे मिटून अंगठा फिरवला. मग एक उचलला आणि म्हणाली, "हा क्लीनरचा." खात्रीनं म्हणाली. यावेळी खडू नाही. छिन्नी घेतली आणि प्रत्येक पाट्याच्या कडेला खाचा पाडल्या. या खाचा कोणत्याही सोड्यानं निघणार नव्हत्या.

वंदना संपवून बायका खिरीच्या वाट्या घेऊन अंगणात आल्या, तेव्हा करिष्मा गाडीखाली उताणी होती आणि फक्त तिचे पाय दिसत होते. सिंधूताईंनी त्या पायांकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "हे आमची सून."

संध्याकाळी शेवटचा नट पान्याला पाइप लावून आवळला, ठोकळे काढले, जॅक सोडला. पिकअप अंगणात उभी राहिली. दोन इंच वर, अगदी सरळ. करिष्मानं दोन्ही अंगांनी चाक आणि पत्रा यांच्यामध्ये मूठ धरून पाहिली. बरोबर. संघपालनं गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाला, "वं, हे तर नव्यासारखी दिसून राहिली!" ती हसली. त्या क्षणी तिला वाटलं, दुकान झालंच.

रविवारी सकाळी देवरावांच्या गोदामात पाइप भरले. करिष्मानं हमालांना हात लावू दिला नाही, म्हणजे लावू दिला पण प्रत्येक पाइप कुठे ठेवायचा ते स्वतः उभं राहून सांगितलं. ड्रायव्हर साइडला जेवढे, क्लीनर साइडला तेवढेच. मग संघपाल स्टिअरिंगवर, करिष्मा क्लीनर साइडला, आणि मागून देवराव आपल्या एका पिकअपमध्ये. रपट्यावर त्यांचे आणखी तीन-चार ड्रायव्हर तमाशा पाहायला आधीच येऊन बसले होते. एकानं तर तुटलेल्या सायलेन्सरचा तुकडा काठीला बांधून आणला होता, नालायकानं.

"हळू घेऊ का?" संघपालनं विचारलं.

"रोज जशी घेता तशी घ्या. लाडात नको."

पुढची चाकं उंचवट्यावर चढली. गाडीनं मान वर केली, खाली आली. मागची चाकं चढली. करिष्मा खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून गाडीच्या पोटाकडे पाहत होती. सायलेन्सर आणि दगड यांच्यामधून उजेड दिसला. बोटभर, पण दिसला. गाडी खाली उतरली आणि पलीकडे गेली. खर्र नाही, खट्ट नाही, काही नाही.

ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. काठीवाल्यानं काठी नाल्यात फेकली. देवराव रपटा पायी ओलांडून आले आणि दुरूनच ओरडले, "पास! फुल पास! उद्या पाचही गाड्या धाडतो!"

करिष्मा उडी मारून खाली उतरली. तिला नाचावंसं वाटत होतं. हातांना मात्र तपासायची सवय होती. त्यांनी ड्रायव्हर साइडच्या मागच्या चाकावर मूठ धरली, मग फिरून क्लीनर साइडला धरली. एका अंगाला मूठ मोकळी जात होती, दुसऱ्या अंगाला अडकत होती. अर्ध्या बोटाचा फरक. रिकाम्या गाडीत जे लपलं, ते भारात उघडं पडलं होतं. चौथा पाटा. क्लीनरचा ड्रायव्हरला गेला, ड्रायव्हरचा क्लीनरला.

संघपालनं तिचं तोंड पाहिलं आणि तो चटकन जवळ आला. "काय झालं?"

तिनं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "बोलू नको. कोणाले कळत नाही. अन् विचारलंच तर सांगू, पाइप एका अंगाले सरकले म्हणून."

खरंच कोणाला कळलं नव्हतं. तीस वर्षं गाड्या चालवलेले ड्रायव्हर समोर उभे होते आणि एकाच्याही डोळ्याला ते दिसलं नव्हतं. पाच गाड्या, दुकान, ऐरण, सगळं तिच्या पदरात पडलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तिला ते फार, फार हवं होतं. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या चाकाकडे.

"काकाजी," ती मोठ्यानं म्हणाली, "पास नाही."

शिट्ट्या थांबल्या.

"गाडी पार झाली ना?" देवराव म्हणाले.

"झाली. पण सरळ उभी नाही. इकडे मूठ धरून पाहा, अन् मग तिकडे धरा. माहा एक पाटा चुकला, दोन अंगाचे आपसात बदलले. आज काही होत नाही. पण दोन महिन्यात टायर एका अंगानं खाईन, अन् तुम्ही म्हणान ड्रायव्हर बेकार आहे."

देवराव वाकले. इकडे मूठ धरली, तिकडे धरली. ड्रायव्हर एकमेकांकडे पाहू लागले. संघपालनं डोळे मिटले होते, ऐरणीजवळ मिटायचा तसेच.

"तुया बापानं," देवराव सावकाश म्हणाले, "हे मले कधी सांगितलं नसतं. तीस वर्षं माह्या गाड्या केल्या त्यानं. माणूस लाखाचा. पण चूक झाली तर पैसे घेऊन मोकळा, अन् टायर खाल्ले की माह्याच ड्रायव्हरच्या नावानं बोंब. हे दोन-चार इथं उभे आहेत, त्यायले विचार."

त्यातला एक म्हातारा ड्रायव्हर खाली पाहून हसला. करिष्माचा चेहरा तापला. वडिलांबद्दल हे चारचौघात ऐकणं सोपं नव्हतं, आणि ते खोटं आहे असंही तिला म्हणता येईना. सोमवारच्या त्या अर्ध्या शटरआड चुकलेला पाटा तसाच आवळून टाकताना त्यांना तिनं स्वतः एक-दोनदा पाहिलं होतं.

"बाबाचं दुकान बाबाचं होतं, काकाजी," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "हे माहं राहीन. पाइप उतरवले की आजच खोलते अन् पाटे बदलते. उद्या कोणतीच गाडी घेत नाही. परवापासून एकेक घेईन. पाच एकदम धाडल्या तर चार वापस पाठवीन."

"अन् मी दुसऱ्या मिस्त्र्याकडे गेलो तर?"

"जा ना. महिन्याची लाइन आहे म्हणता तिथं." मग तिला राहवलं नाही. "पण त्यायनं वर केलेल्या गाडीवर मूठ धरून पाहा फक्त, दोन्ही अंगानं."

देवराव हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा वाकून त्या चाकावर मूठ धरली, जणू काही नवीनच शिकले होते. मग हात झटकून आपल्या ड्रायव्हरांकडे वळले आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "परवा सकाळी सातले तू तुही गाडी घेऊन हिच्या दारात उभी करजो. अन् फाटकापाशी हॉर्न बजावत बसू नको. मिस्त्री गाडीखाली राहीन."